मुंबईची लोकल: अकरा वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू, बराचसा दाराबद्दल

लोक मिक्सर चार दिवस वापरतात आणि रिव्ह्यू टाकून मोकळे होतात, मी लोकल अकरा वर्षं वापरून आता लिहायला बसलेय, त्यामुळे हे लांबणार, आधीच सांगते. डोंबिवली ते दादर, सकाळी जायचं रात्री यायचं, मधले कोविडचे महिने सोडले तर खंड नाही. लिहायचं निमित्त असं की माझी मामेबहीण नोकरीसाठी साताऱ्याहून इकडे आली, यायच्या आधी तिचा मेसेज, ताई लोकल कशी असते गं, मी म्हटलं व्हॉइस नोट पाठवते, तर ती नऊ मिनिटांची झाली आणि तरी मी दारापर्यंतच पोचले होते, आत शिरलेच नव्हते. तेव्हा डोक्यात आलं की लोकलचं जे काय चांगलं-वाईट आहे ना ते सगळं दारातच आहे. सीट, पंखा, खिडकी हे सगळं नंतर.

आधी थोडं वस्तूबद्दल. भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ३४ किलोमीटर, १४ डबे, चारशेच्या आसपास पाहुणे आणि ओढायला तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. म्हणजे मी रोज संध्याकाळी ज्या रुटवर कोणाच्या तरी कोपराखाली उभी असते तो देशातला सगळ्यात जुना रुट आहे, हे आठवलं की थोडा अभिमान वाटतो आणि मग कुर्ला येतं. विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला सुरू झाली, व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला, हार्बर लाईनवरून. त्याला शंभर वर्षं झाली. आज वेस्टर्न लाईन चर्चगेटपासून थेट डहाणूपर्यंत जाते, सेंट्रल सीएसएमटीहून निघून कल्याणला फुटते, एक फाटा कसाऱ्याला एक कर्जत-खोपोलीला, हार्बर पनवेल आणि गोरेगावला, ठाण्याहून वाशी-पनवेलला ट्रान्सहार्बर, आणि उरणची लाईन तर जानेवारी २०२४ ला पूर्ण झाली. दिवसाला तीन हजारांहून जास्त फेऱ्या. आकडा मोठा वाटतो पण तो खरा कळतो तो एखादी गाडी चुकल्यावर, कारण मागून दुसरी येतच असते.

आणि गर्दी एवढी का, असं नवीन माणूस विचारतो, तर नकाशा बघा. मुंबई म्हणजे समुद्रात घुसलेली लांबट अरुंद पट्टी, दोन्ही बाजूंना पाणी, ऑफिसं वर्षानुवर्षं खालच्या टोकाला आणि आपल्याला परवडणारी घरं वरती, विरारला, बदलापूरला, पनवेलला. रस्ता रुंद करणार कुठे, खाडीत? म्हणून सकाळी अख्खं शहर दक्षिणेकडे आणि संध्याकाळी अख्खं शहर उत्तरेकडे, त्याच रुळांवरून. आता बीकेसी, ऐरोली असं थोडं पसरलंय, त्यामुळे हल्ली उलट्या दिशेच्या गाडीतही उभं राहावं लागतं, तेवढीच प्रगती.

पैशांचं एका वाक्यात संपवते कारण तिथे तक्रारच नाही. सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट ५ रुपये, आणि महिन्याचा पास काढला तर रोजचं जाणंयेणं दोन कटिंग चहाच्या आत बसतं, एवढ्या पैशात एवढं अंतर दुसरं कोणी नेत नाही. विनातिकीट सापडलात तर तिकिटाचे पैसे अधिक २५० रुपये दंड. फर्स्ट क्लास कित्येक पट महाग आणि तिथेही सकाळी उभंच राहायचंय, फक्त शेजारच्याचा परफ्यूम बरा असतो.

वेळ. हे मात्र शिकावं लागतं. बाहेरगावचा माणूस म्हणतो आठच्या गाडीने येतो, आमच्याकडे आठची गाडी नसते, ८.०३ ची असते किंवा ८.०७ ची असते, आणि माणूस स्वतःची ओळखपण तशीच देतो, अगं ती आपल्या ८.०७ मधली, लाल बॅगवाली, तिच्या मुलीचं लग्न ठरलं. नाव माहीत नसतं, गाडी माहीत असते. मिनिटाला लोक इतके घट्ट बांधलेले की माझ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात नोकरी केली नाही, त्यापण कुकरची शिट्टी गाडीवर लावतात, तुझी ८.०७ गेली की मी डाळ लावते.

फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी कुठे जाणार याची अक्षरं असतात ती पाठ करा. के म्हणजे कल्याण, टी ठाणा, बीएल बदलापूर, टीएल टिटवाळा, हे ठीक आहे. पण एस म्हणजे कर्जत आणि एन म्हणजे कसारा हे कळायला मला आठवडा लागला, कर्जतमधे एस कुठेच नाही म्हणून मी इंडिकेटर बिघडलाय असं समजत होते. कल्याणनंतरचे दोन फाटे आग्नेय आणि ईशान्य, त्यांची इंग्रजी आद्याक्षरं ती, हे डब्यातल्या एका काकूंनी सांगितलं. अक्षराच्या बाजूला एफ किंवा एस, फास्ट किंवा स्लो, आणि हे बघायचं विसरलात तर काय होतं ते माझ्याकडून ऐका. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मला दादरहून विक्रोळीला मैत्रिणीकडे जायचं होतं, गाडी समोर आली, दारात जागा दिसली, मी चढले, आनंदात. कुर्ला गेलं, घाटकोपर गेलं आणि मग विक्रोळी डोळ्यासमोरून अशी सटकली की पाटी वाचायलापण वेळ नाही मिळाला. मी जोरात, अहो थांबली नाही! डब्यात हशा. एक बाई म्हणाल्या, बाळा आता ठाणा. कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड सगळी नीट बघून घेतली त्या दिवशी. चूक माझीच, घोषणा तीन भाषांत चालू होती आणि मी हेडफोन घालून उभी.

आता दार.

चढायचं कसं हे कोणी शिकवत नाही, अंगाने शिकतं. बारा डब्यांच्या गाडीत आपला डबा नेमका कुठे येतो ते माहीत पाहिजे, मी ज्या खांबापाशी उभी राहते त्याच्यावर पान थुंकल्याचा एक डाग आहे, तो माझा पत्ता. गाडी येताना दिसली की सॅक पाठीवरून पोटावर, ओढणी आत खोचायची, फोन बॅगेत, चष्मा असेल तर हातात नाही, डोळ्यांवरच, नाहीतर तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर जातो. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचं असा नियम आहे आणि तो साधारण दोन सेकंद पाळला जातो. गाडी थांबते वीस-तीस सेकंद, त्यात पन्नास बायका बाहेर आणि सत्तर आत. एकदा का त्या घोळक्यात शिरलात की पाय उचलायची गरज नसते, खरंच सांगते, मी कित्येकदा फलाटावरून डब्यात चाललेली नाहीये, पोचलेली आहे. दाराच्या मधोमध तो उभा खांब असतो ना, तो जिच्या हाताला लागला ती गेली आत. धावत्या गाडीत चढू नका, हे मी शिकवणीसारखं सांगत नाहीये, माझ्यासमोर एकीची चप्पल गाडी आणि फलाटाच्या मधल्या फटीत गेली होती, फक्त चप्पल, आणि ती बाई ठाण्यापर्यंत एका पायावर उभी राहून थरथरत होती.

उतरणं त्याहून अवघड, कारण चढताना मागचे ढकलतात, उतरताना समोरचे. दादरला उतरायचं असेल तर घाटकोपर सुटलं की हलायला लागायचं. विचारायची पद्धत ठरलेली, दादर? पुढची बाई मान हलवते, म्हणजे तीपण दादर, मग तिच्या मागे चिकटायचं, ती तुमचं इंजिन. नाही म्हणाली तर जागांची अदलाबदल, ती तुमच्या जागी तुम्ही तिच्या जागी, दोघींच्या मधे कागद जाणार नाही एवढ्या जागेत हे कसं होतं ते फिजिक्सवाल्यांनी सांगावं. रेल्वेच्या भाषेत या गर्दीला सुपर डेन्स क्रश लोड म्हणतात, एका चौरस मीटरमधे १४ ते १६ माणसं. घरी जाऊन जमिनीवर खडूने एक चौरस मीटर काढा आणि बघा, मी काढला होता, आमची तिघांची फॅमिली आणि कपड्यांचं स्टँड एवढं बसलं त्यात. आणि फलाट कुठल्या बाजूला येणार हे आधीच माहीत पाहिजे. एकदा मी बोलत राहिले आणि दादरला चुकीच्या दाराशी, मग भायखळ्याला उतरून परत आले. भायखळा स्टेशन सुंदर आहे म्हणा, जुनी दगडी इमारत नीट केलीय, २०२२ मधे त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला, पण साडेनऊला मस्टर असताना माणूस वारसा बघत नाही. दादरला अजून एक, आता सेंट्रलचे फलाट ८ पासून पुढे मोजतात, १ ते ७ वेस्टर्नचे, डिसेंबर २०२३ पासून, त्यामुळे कोणी जुना माणूस तुम्हाला सांगेल एक नंबरवर भेट, तर नक्की कुठला एक ते विचारून घ्या.

सीटबद्दल. बाकड्यावर तीन जणींची जागा आणि चौथी सीट म्हणून एक प्रकार असतो, म्हणजे अर्धी बसायची, एक पाय रस्त्यात, पण ती मिळाली तरी लोक देवाचे आभार मानतात. बसलेल्या बाईला विचारायचं, कुठे उतरणार ताई? ती म्हणाली ठाणा, की तुम्ही म्हणायचं, मग मला हां. झालं, सौदा पक्का, कागद नाही सही नाही, आणि हा सौदा मोडणारी बाई मी अकरा वर्षांत दोनदाच बघितली, दोन्ही वेळा डब्याने तिच्याशी महिनाभर बोलणं टाकलं. काही जणी डोंबिवलीहून उलट कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात, पास कल्याणचा काढतात, वीस-पंचवीस मिनिटं जास्त घालवतात पण गुडघे वाचतात. मीपण प्रेग्नन्सीत पाच महिने असंच केलं.

आणि लेडीज डबा. इथे मी पाचपैकी पाच देते, बाकी रिव्ह्यूत काय लिहीन ते लिहीन. हा डबा म्हणजे रोज दीड तास चालणारं एक घर आहे ज्यात पुरुष नाहीत आणि स्वयंपाक आधीच झालेला आहे. संध्याकाळी परतताना मेथी निवडतात, मटार सोलतात, दादरला घेतलेली पालकाची जुडी ठाणा येईपर्यंत साफ आणि देठं पिशवीत. कानातले विकणारी येते, एका हातात तो सगळा लटकता फलक आणि दुसऱ्या हाताने गर्दीतून वाट काढत, पिना, रबरबँड, मोबाईलचे कव्हर, सोललेली फळं, उधारीसुद्धा चालते, उद्या दे गं, मी कुठे पळतेय. दसऱ्याच्या आधी डबा सजवतात, झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, पूजा, प्रसाद, त्या दिवशी सगळ्या साड्या नेसून आणि मोटरमनलापण पेढे. माझं डोहाळजेवण दोनदा झालं, एकदा सासरी आणि एकदा ८.०७ मधे, आणि खरं सांगू का, ८.०७ मधलं जास्त चांगलं झालं, सासरी फोटोग्राफर होता, इथे सातही महिने मला धक्क्यांपासून वाचवणाऱ्या बायका होत्या. भांडणंपण होतात, नाही असं नाही, केस ओढण्यापर्यंत जातात, मग कळवा येतं आणि तीच बाई पाण्याची बाटली पुढे करते. वेस्टर्नला १९९२ पासून अख्खी लेडीज स्पेशल आहे, चर्चगेट-बोरिवली सुरू झाली होती, पण मला आपला डबाच बरा वाटतो. फर्स्ट क्लासला लागून जो बायकांचा डबा असतो, मधे जाळी असलेला, त्याला व्हिडिओ कोच म्हणतात, कारण पलीकडचे आपल्याला बघत असतात. हे नाव कोणी ठेवलं देव जाणे, पण परफेक्ट आहे.

पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं, टाळ-झांजा, पत्ते, एवढं नवऱ्याकडून ऐकलेलं, त्याच्यावर मी बोलत नाही. मालडबा मात्र एकदा बघा, डबेवाले, कोळणींच्या पाट्या, फुलांचे भारे, तिथे वास येतो म्हणून नाकं मुरडणारे लोक रात्री जेवताना त्याच पापलेटची वाट बघत असतात.

आता दाराचं दुसरं रूप, आणि इथे मी स्टार कापणार.

उघडं दार म्हणजे वारा. मे महिन्यात दुपारी दारात उभं राहिलं की वाटतं एवढ्या पैशात एवढं सुख कुठे नाही. आणि त्याच दारातून माणसं पडतात. मुंबईच्या रुळांवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात, २०२३ ला आणि २०२४ ला तोच घोळ, सगळ्यात जास्त रूळ ओलांडताना आणि त्याखालोखाल गाडीतून पडून. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्र्याच्या मधे वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जात असताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही गेली. मी त्या वळणावरून रोज जाते. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर सकाळपासून एकच मेसेज, पोचलीस का, पोचलीस का. दुसऱ्या दिवशी डब्यात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, आणि दारात मात्र तेवढ्याच बायका उभ्या होत्या, कारण आत जागाच नव्हती. लोक सोशल मीडियावर लिहितात ना की दारात उभे राहणारे स्टंट करतात, त्यांना माझं निमंत्रण आहे, सकाळी सव्वाआठला ठाण्याला या आणि आत उभं राहून दाखवा. स्टंट करणारी पोरं वेगळी, त्यांना चोपा. पण सत्तर टक्के लोक दारात असतात ते गाडी चुकली तर पगार कापला जातो म्हणून (हा टक्का माझ्या डोळ्यांचा, सर्व्हेचा नाही).

त्या अपघातानंतर रेल्वेने सांगितलं की नवीन साध्या गाड्यांनापण आपोआप बंद होणारी दारं लावू, दारांना हवेसाठी झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रं आणि डब्यांतून डब्यांत जायला वाट. कल्पना चांगली आहे. माझी शंका एकच, दार बंद व्हायला आधी दारातली माणसं आत मावली पाहिजेत. दाराचा प्रश्न दाराने सुटणार नाही, गाड्या वाढवून आणि पंधरा डबे करून सुटेल, आणि ऑफिसांच्या वेळा थोड्या मागेपुढे केल्या तर फुकटात सुटेल, पण ते कोणी करत नाही कारण साहेब गाडीने येतो, म्हणजे कारने.

बंद दार कसं असतं ते एसी लोकलमधे कळतं. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला वेस्टर्नवर धावली, नंतर आमच्याकडेपण आल्या, २०२२ मधे सिंगल तिकिटाचे दर निम्म्यापर्यंत उतरवले तेव्हा भरायला लागल्या. मी उन्हाळ्यात दोन महिने एसीचा पास काढला. पहिला आठवडा स्वर्ग. शांतता, थंडी, बाहेरचा आवाज नाही, साडी जशीच्या तशी, ऑफिसात लोक विचारायला लागले आज काय विशेष. पण दुसऱ्या आठवड्यात कळलं की इथे दार हा थेट निर्णय आहे. साध्या लोकलला एक पाय आत असला की तुम्ही प्रवासी, एसीला पूर्ण आत असाल तरच, नाहीतर दार बंद होत नाही आणि दार बंद झालं नाही की गाडी हलत नाही, आणि मग सगळा डबा तुमच्याकडे बघतो जणू तुम्ही भरल्या पंगतीत ताट ओढलंय. एकदा ती मीच होते. सॅक अडकली होती. उतरले मुकाट्याने. आणि एसी गाडी चुकली तर पुढची लगेच नाही, मग ८.०७ चा माझा सगळा संसार हातात एसीचा पास घेऊन साध्या डब्यातच. शिवाय एसीत कोणी कोणाशी बोलत नाही, सगळे फोनमधे, मेथी काढायची सोय नाही. उन्हाळ्यापुरती घ्या, पैसे वसूल आहेत. पावसाळ्यात नको.

पावसाळा. समुद्रकाठचं शहर, पाणी शेवटी समुद्रातच सोडायचं, आणि नेमकी भरती असताना जोराचा पाऊस आला की समुद्र पाणी घेत नाही, मग ते कुर्ल्याला, सायनला रुळांवर थांबतं, तिकडे नालासोपाऱ्याला थांबतं. त्यामुळे इथे जून ते सप्टेंबर लोक पंचांगासारखे भरतीच्या वेळा बघतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता तेव्हा मी इथे नव्हते, पण २९ ऑगस्ट २०१७ ला होते, दुपारी गाड्या थांबल्या आणि आम्ही सात जणी ऑफिसमधेच झोपलो, टेबलावर, पडदे पांघरून. रात्री अकराला कुठल्यातरी मंडळाची पोरं खिचडी घेऊन आली, कोण होती माहीत नाही. पावसाळ्यात बॅगेत एक सुका ड्रेस, चार्जर, बिस्किटं ठेवा, आणि ऑफिसच्या जवळ राहणारी एक तरी मैत्रीण ठेवा.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे देखभालीसाठी काही तास गाड्या बंद, त्याशिवाय एवढ्या जुन्या रुळांचं चालणार कसं हे मान्य, फक्त रविवारी लग्नाला निघालात तर वेळापत्रक बघून निघा. स्वच्छतागृहं, पूल, जिने यांना मी पाचपैकी दीड देईन, अर्धा नवीन सरकत्या जिन्यांसाठी. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला, त्याच्यानंतर बरेच पूल रुंद झाले, नवीन झाले. त्या स्टेशनचं नाव आता प्रभादेवी. पूल रुंद व्हायला काय काय लागतं आपल्याकडे, जाऊ दे.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे ही गाडी बघायलापण सुंदर आहे, बसायला मिळालं तर. ठाणा सुटलं की एका बाजूला खाडी आणि दुसरीकडे मुंब्र्याचा डोंगर, पावसाळ्यात त्याच्यावरून पांढऱ्या धारा उतरतात. पूर्वी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या आणि आत शिरल्याबरोबर सगळा डबा ओरडायचा, मोठी माणसंपण, कारण नसताना. २०२२ ला पाचवी-सहावी लाईन झाली आणि बोगदा लांबच्या गाड्यांना गेला, आम्ही आता डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून. वेळ वाचला असेल, ओरडणं गेलं. मानखुर्द-वाशीचा खाडीपूल संध्याकाळी, आणि तिकडे भाईंदर सोडल्यावर वसईच्या खाडीवरचा, दारातून वारा असा येतो की फोनवर बोलणारेपण गप्प होतात. सीएसएमटीबद्दल तर काय लिहू, १८८७ ची इमारत, २००४ पासून जागतिक वारसा, आणि आपण तिच्या खालून धावत जातो चप्पल सावरत, वर बघायला वेळ मिळाला तो एकदाच, मुलीला दाखवायला नेलं होतं तेव्हा.

लॉकडाऊननंतर ऑक्टोबर २०२० ला सगळ्या बायकांना पहिल्यांदा लोकलमधे परत सोडलं, ठरावीक वेळात. मी पहिल्या आठवड्यात गेले. डबा जवळपास रिकामा, खिडकीची जागा, वाऱ्याच्या बाजूची, कोणी हात लावणारं नाही. इतकी वर्षं ज्या सीटसाठी जीव टाकला ती मिळाली होती आणि मला बसवेना, उठून दारापाशी जाऊन उभी राहिले.

तर स्टार. वेळ आणि पैसा, पाच. लेडीज डबा, पाच. एसी, साडेतीन. सुरक्षितता, एक, तोही मोटरमनसाठी, ती माणसं दोन-तीन मिनिटांच्या अंतराने एकामागोमाग गाड्या चालवतात आणि रुळावर कोण कधी येईल याची खात्री नाही. सरासरी काढू नका, लोकलमधे सरासरी नावाचा माणूसच नसतो, एकतर बसलेला असतो नाहीतर लटकलेला.

मामेबहिणीचं सांगायचं राहिलं. सोमवारी तिला घेऊन फलाटावर गेले, डागवाल्या खांबापाशी उभं केलं, सॅक पुढे, ओढणी आत, सगळं समजावलं. पहिली, बदलापूरहून येणारी फास्ट सोडली, म्हटलं नुसती बघ. दुसरी सोडली. तिसरीला तिचे डोळे पांढरे झाले, म्हणाली ताई आपण रिक्षाने जाऊया का दादरला, मी हसले. चौथी आली, मी म्हटलं आता माझा हात धर आणि मागे मागे ये, सोडू नकोस. गाडी थांबली, पाठून लोंढा आला, हात सुटला, मी खांब शोधतेय तोवर दार भरलं. वर बघितलं तर ती आत, दोन काकूंच्या मधे, पंख्याखाली, आणि मी फलाटावर. गाडी सुटताना आतून ओरडली, ताई, पुढची येईल गं मागून!